धुळाच्या हातचा भंडारा

धुळाला पहिल्यांदा बघितलं की माणूस दचकतो. धुळा बोलायला लागला की मग ध्यानात येतं, की दचकायचं सगळं काम त्यानं स्वतःकडंच घेतलेलं आहे. गडी दारातून आत येताना वाकतो. मिशा दोन्ही गालांवर ऐसपैस पसरलेल्या. आवाज असा, की या माळावर खाकरला तर पलीकडच्या माळावरचं कुत्रं उत्तर देतं. पण हाच गडी सुईला भितो, लिफ्टला भितो, सरकारी शिक्क्याला भितो, आणि फोनवर अनोळखी नंबर दिसला की फोन बायकोच्या हातात देऊन परसात जातो. बायको मंगल. ती कशालाच भीत नाही. तिचं म्हणणं, घराच्या वाटणीला आलेलं सगळं भ्या एकट्या धुळानं उचललं, तिच्यापर्यंत काही पोचलंच नाही.

अशा माणसाला कंपनीनं गावाशी बोलायला ठेवलं होतं.

कंपनी म्हणजे कवठे महांकाळच्या पलीकडच्या माळावरचा, द्राक्षं आणि डाळिंबांचा रस काढून डब्यांत भरणारा कारखाना. त्याचं नाव इंग्रजी आणि इतकं लांबलचक, की गेटवरच्या पाटीवर ते दोन ओळींत बसवावं लागलं होतं. शेजारच्या वाडीनं त्यावर डोकं शिणवलं नाही. वाडीनं त्याला 'रसवंती' म्हटलं आणि विषय संपवला.

नोकरी लागली तीही भीतीपायीच. कारखान्याच्या कुंपणानं मेंढरांची जुनी वाट अडली, तेव्हा वाडीनं धुळाला पुढं घातलं, कारण तो लांबून भांडखोर दिसायचा. धुळा मिशांसकट केबिनमध्ये गेला. आतला गारठा, पायाखालची मऊ सतरंजी आणि काचेचं टेबल बघून त्याची वाचाच बसली. साहेब जे विचारतील त्याला तो एकच शब्द बोलला. पाणी घेणार? व्हय. चहा? व्हय. कुंपण थोडं आत घेऊन वाट मोकळी केली तर चालेल? व्हय. इतक्या शांतपणे बोलणारा माणूस आम्हाला गावाशी बोलायला हवाच आहे, येणार का कामाला? तोंडाला लागलेलं 'व्हय' थांबवेपर्यंत निघून गेलं होतं. बाहेर आला तेव्हा वाडीला वाट मिळाली होती आणि त्याला नोकरी. आठवड्यानं कार्डं छापून आली. त्यावर लिहिलं होतं 'समुदाय समन्वयक'.

"समुदाय म्हंजे आमी," मंगल कार्ड उलटसुलट करत म्हणाली. "आन् समन्वयक म्हंजे वो?"

"म्हाईत न्हाई. ईचाराय भ्या वाटलं."

पण काम बरं चाललं. वाडी काही बोलली की धुळा घाबरून ते जसंच्या तसं कंपनीला सांगायचा. कंपनी काही बोलली की घाबरून ते जसंच्या तसं वाडीला सांगायचा. पदरचं घालायला जी हिंमत लागते ती त्याच्याकडं नव्हती, त्यामुळं दोन्हीकडं त्याच्या शब्दाला किंमत आली होती.

मग कारखाना वाढवायचं ठरलं. पहिल्या शेडला लागून दुसरी शेड, दुप्पट रस. त्यासाठी सरकारची परवानगी हवी आणि गावाचीही संमती हवी. हे सगळं संयोगिता मॅडमकडं होतं. मॅडम रोज माधवनगरहून यायच्या, त्यांच्या खोलीवर 'शाश्वतता विभाग' अशी पाटी होती आणि त्या मनानं निर्मळ होत्या. त्यांनी ठरवलं, की सरकार, गाव आणि कंपनी यांनी एका मांडवात बसून बोलायचं. प्रांतसाहेबांना बोलवायचं, प्रदूषणाच्या ऑफिसातल्या साहेबांना बोलवायचं. देवळाच्या भिंतीवर कागद लागला : 'हितधारक संवाद मेळावा. सर्व हितधारकांनी अगत्य यावे.'

दुसऱ्या दिवशी धुळाला अर्जुनातात्यानं पारावर अडवलं. अर्जुनातात्या म्हणजे वाडीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चौकस माणूस.

"धुळा, आमी अल्पभूधारक हाय. शिधापत्रिकाधारक बी हाय. ह्ये हितधारकाचं कार्ड कुटं काढायचं?"

"तात्या, त्येचं कार्ड नसतंय."

"मंग धारक कशाचं? काय तरी हातात धराय नगं का?"

सगळा पार धुळाच्या तोंडाकडं बघत होता. इतकी माणसं बघायला लागली की धुळा तोंडाला येईल ते बोलून मोकळा व्हायचा. "आसंल," तो म्हणाला. "त्या दिशी बगू." सांजच्या आत वाडीत बातमी फिरली, की मेळाव्यात कार्डं मिळणार. झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डांची रांग लागली.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण धुळाच्या घरात धोंडुबाई होती. त्याची आई.

कारखान्याच्या मागच्या अंगानं वाडीचा ओढा जातो. मेंढरं त्याच्यावर पितात, बायका तिथं धुणं धुतात. वाडीच्या मनात प्रश्न एकच होता. रस दुप्पट, तर धुवणाचं घाण पाणीही दुप्पट, ते जाणार कुठं? धुळा सगळ्यांना कंपनीचं उत्तर ऐकवायचा : पाणी टाक्यांत शुद्ध होतं, बागेला जातं, ओढ्यात एक थेंब जात नाही. संध्याकाळी देवळापुढं बायामाणसं बसली होती, तिथंही त्यानं हेच ऐकवलं.

"ह्ये कंपनी म्हन्ती," धोंडुबाई म्हणाली. "तू काय म्हन्तोस?"

"आये, म्या कंपनीचाच की."

"आगुदर माजा हायस. खरं आसंल तर मेळाव्यात भंडारा उचल."

देवळापुढच्या सगळ्या माना धुळाकडं वळल्या.

भंडारा म्हणजे तशी हळदीची पूड. पण ती आरेवाडीच्या बनातल्या बिरोबाच्या पायाशी लागून आलेली. त्या मुलखात स्टँपवर दिलेला शब्द माणूस फिरवील, पुढाऱ्यासमोर दिलेला तर घरी पोचायच्या आत फिरवील. तळव्यावर भंडारा घेऊन दिलेला शब्द फिरत नाही. खोटं बोलून भंडारा उचलणाऱ्याचं पुढं काय होतं, ते वाडीत कुणी पाहिलेलं नाही, कारण तसं करून बघायला आजवर कुणी पुढंच आलेलं नाही.

"उचलशील ना रं?"

आईला नाही म्हणायची भीती जवळ होती, बिरोबाची जरा लांब होती. "व्हय," धुळा म्हणाला.

घरी येईपर्यंत लांबची भीती जवळ आली. भाकरी मोडून तो नुसताच बसला.

"खरंच येक थेंब बी जात न्हाई?" मंगलनं विचारलं.

"मला काय म्हाईत."

"आवं, इतकी वर्सं तितं हायसा!"

"कवा ईचारलं न्हाई."

"का?"

धुळानं तुकडा ताटात ठेवला. "जातो म्हनले तर?"

मंगलनं हातातली भाकरी परत टोपल्यात ठेवली. कारण गेल्या पावसाळ्यात धोंडुबाईची कोकरं ओढ्यावर पिऊन आली आणि हगवणीनं गेली, ते तिलाही आठवलं. रोग असेल, असं धुळा तेव्हा म्हणाला होता. तो ते इतक्यांदा म्हणाला होता, की घरात कुणी त्याला पुन्हा विचारलं नव्हतं. आता तेच तळव्यावर भंडारा घेऊन म्हणायचं होतं.

सकाळी तो मॅडमकडं गेला. मॅडमना आनंद झाला.

"किती छान, धुळाभाऊ! स्थानिक परंपरेतून विश्वास! अहवालात याचा मोठा फोटो घालू आपण."

"मॅडम, तुमीच उचलता का?"

"मी? अहो, तुम्ही उचललात तर ते गावाला आपलं वाटेल."

"पर खरं हाय न्हवं?"

"म्हणजे काय! विश्वजित सरांनी लेखी दिलंय मला."

विश्वजित म्हणजे कारखान्याच्या यंत्रांचा मुख्य. कराडकडचा, हुशार, दिवसभर पळत असणारा तरुण माणूस. धुळानं त्याला टाक्यांपाशी गाठलं. पाणी बुडबुडत होतं, पंप घुमत होते. विश्वजितनं एकेक टाकी दाखवली. इथं गाळ बसतो, इथं हवा सोडतो, इथून बागेला. शेवटच्या टाकीत मासेसुद्धा सोडले होते. धुळानं माशांकडं बघितलं. मासे मजेत दिसले. त्याला थोडा धीर आला.

"म्हंजे सायेब, वड्यात येक थेंब बी जात न्हाई."

"नाही रे."

"कवाच न्हाई?"

विश्वजितनं मागच्या भिंतीकडं एकदा बघितलं, पटकन नजर काढली आणि उगाचच हेल्मेटचा पट्टा आवळला. धुळाला पंपातलं काही कळत नव्हतं, पण हे कळलं. अनोळखी नंबर आल्यावर तो स्वतः अगदी अशीच नजर काढून घ्यायचा.

"सायेब, तुमी कशाला भ्याला?"

"मी? मी कशाला भिऊ! मेळावा होऊ दे, धुळा. मग बोलू सावकाश."

 धुळा तिथंच टाकीच्या कठड्यावर बसला. मासे अजून मजेतच होते.

मग त्यानं सुटायच्या वाटा धुंडाळल्या. ताप आलाय म्हणून गोधडीत शिरला. मंगलनं कपाळाला हात लावून गोधडी ओढून घेतली. चुलतभाऊ महाबळेश्वरात टॅक्सी चालवायचा, त्याच्याकडं जातो म्हणाला. तिकडं रेंज नसते.

"जावा की," मंगल म्हणाली. "तुमी न्हाई तर मी उचलते भंडारा. मला काय भ्या न्हाई."

हे ऐकल्यावर धुळाला खरोखरचा ताप येतो की काय असं झालं. मंगलच्या तळव्यावर खोटा भंडारा! भरलेली पिशवी त्यानं परत खुंटीला अडकवली. पळून जायलाही एक धाडस लागतं, आणि ते त्याच्यापाशी कधीच नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी मांडव फुलून गेला. हितधारक झाडून सगळे आले होते, प्रत्येकाच्या हातात आधारची झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. पुढं सोफ्यावर प्रांतसाहेब, पांढऱ्या शुभ्र शर्टात. त्यांच्या एका बाजूला प्रदूषणवाले साहेब, दुसऱ्या बाजूला मॅडम आणि विश्वजित. पाहुण्यांना उकडू नये म्हणून सोफ्यासमोर एक भला मोठा उभा पंखा लावला होता. स्वागताला वाडीतल्या गड्यांचं ढोलपथक होतं. ते कडेला ढोलांवर हात टेकून उभं होतं.

मॅडमनी पडद्यावर हिरवी पानं दाखवली, पृथ्वी दाखवली, पृथ्वीभोवती हात दाखवले. "शाश्वत म्हणजे," त्या म्हणाल्या, "आपल्या नातवंडांनाही हेच पाणी, हीच माती मिळाली पाहिजे." टाळ्या पडल्या. मग प्रश्न विचारा म्हटल्यावर अर्जुनातात्यानं माइक धरला.

"सायेब, कार्ड कवा देनार?"

"कसलं कार्ड?" प्रांतसाहेब म्हणाले.

"हितधारकाचं."

प्रांतसाहेबांनी प्रदूषणवाल्या साहेबांकडं बघितलं, त्यांनी मॅडमकडं, मॅडमनी धुळाकडं. धुळानं मांडवाच्या छताकडं.

"आजोबा, त्याचं कार्ड नसतं. तुमचं हित यात गुंतलंय, म्हणून तुम्ही हितधारक," मॅडम म्हणाल्या.

"आन् आमचं अहित झालं तर?" तात्यानं विचारलं. "तवा धराय काय तरी हातात आसाय नगं का?"

मांडव हसला, पण प्रांतसाहेब हसले नाहीत. तेवढ्यात धोंडुबाई उठली. पदराखालून तिनं पितळेचं ताट काढलं. त्यात भंडाऱ्याची रास होती.

"हातात धराय हाय की," ती म्हणाली. "धुळा, ये म्होरं."

धुळा पुढं आला. कसा आला ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. सोफ्याकडं तोंड करून तो उभा राहिला, म्हणजे नेमका पंख्यापुढं. डाव्या हातात ताट, उजव्या तळव्यावर मूठभर भंडारा. समोर सरकार, मागं वाडी, वर बिरोबा.  विश्वजित जमिनीकडं बघत होता.

"बिरोबाच्या साक्षीनं सांगतो," धुळा म्हणाला. त्या आवाजानं माइकच शिट्टी वाजवायला लागला, कुणीतरी तो बंद केला. "ह्या कारखान्याचं घान पानी... आपल्या वड्यात... येक थेंब बी..."

धुळानं एकदा ताटाकडं बघितलं.

"...जात..."

आणि इथं तो अडकला. मराठी वाक्याची ही एक मोठी खोड आहे. सगळं बोलून झालं तरी माणूस अजून कशालाच बांधलेला नसतो. होय की नाही, ते अगदी शेपटाला असतं. धुळा त्या शेपटाशी येऊन उभा होता. पुढं एकच शब्द होता आणि तो जिभेवर येत नव्हता. कोकरं डोळ्यांपुढं आली. आई डोळ्यांपुढं होतीच.

"जात..." तो पुन्हा म्हणाला.

हात थरथरायला लागला. हाताबरोबर ताट थरथरलं. पंखा पाठीमागून आपलं काम इमानानं करत होता. रास हलली, उठली आणि बघता बघता पिवळा ढग होऊन सोफ्यावर गेली.

ढग बसला तेव्हा प्रांतसाहेबांचा शर्ट पांढरा राहिला नव्हता. प्रदूषणवाले साहेब चष्म्यासकट पिवळे झाले होते. मॅडमच्या केसांत भंडारा, विश्वजितच्या पापण्यांवर भंडारा. आता धरणी पोटात घेईल तर बरं, असं धुळाला झालं. नोकरी गेली, अब्रू गेली, बहुतेक अटकही होणार.

पण ढोलपथकाला काय ठाऊक! भंडारा उधळला की ढोल वाजवायचा, एवढंच त्यांच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. उधळलेला बघितला आणि पडली थाप.

"बिरोबाच्या नावानं!"

"चांगभलं!" अख्खा मांडव गरजला.

"लागली!" धोंडुबाई दोन्ही हात वर करून ओरडली. "ज्येच्या ज्येच्या अंगाव भंडारा पडला, त्येला त्येला आन लागली! आता माज्या लेकाच्या एकट्याची जबान न्हाई. सगळ्यांची हाय."

प्रांतसाहेबांनी रुमाल काढला होता.

"सायेब, पुसू नगा," अर्जुनातात्या मायेनं म्हणाला. "आन लागल्याव पुसला तर लय वंगाळ."

प्रांतसाहेबांचा रुमाल हवेत थांबला. "आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा," ते हळूच बाजूच्या साहेबांना म्हणाले, आणि रुमाल घडी करून खिशात गेला. पिवळ्या हातांनी त्यांनी माइक ओढून घेतला. आवाज जरा खालच्या पट्टीत लागला होता.

"मघाचं ते वाक्य कुणीतरी पुरं करा बघू. ओढ्यात एक थेंब जात... पुढं काय?"

 मग विश्वजित उठला. तो इतका पिवळा आणि इतका घाबरलेला होता, की धुळाला स्वतःची भीती क्षणभर विसरून त्याची दया आली.

"एरवी नाही जात," विश्वजित म्हणाला. "पावसाळ्यात टाकी भरून वाहायला लागली की... मागच्या भिंतीतून एक पाइप काढलेला आहे. तो ओढ्यात..." त्यानं ओढ्याच्या दिशेनं हात केला. "जातं, साहेब."

ढोल कधीच थांबला होता. धोंडुबाई खाली बसली. "माजी कोकरं," एवढंच ती म्हणाली, तेही हळू. पण ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"सर, तुम्ही मला लेखी दिलं होतंत!" मॅडमचा आवाज फुटला.

"लेखी दिलं होतं, मॅडम," विश्वजित खाली मान घालून म्हणाला. "भंडारा उचलला नव्हता."

आता मांडव उठतो, असं धुळाला वाटलं. मागं खुर्च्या सरकल्या, एक-दोन आवाज चढलेसुद्धा. पण पुढं काय करावं ते कुणालाच नीट कळेना, कारण ज्यांच्यावर ओरडायचं ते सगळे देवाच्या रंगात बसलेले. प्रांतसाहेबांनी तिथंच सांगितलं : पाइप बुजवा, वरचं पाणी सामावेल अशी नवी टाकी बांधा, ती बघितल्याशिवाय दुसऱ्या शेडचा कागद पुढं सरकणार नाही. प्रदूषणवाल्या साहेबांनी चष्मा न पुसताच मान हलवली.

आणि मॅडम उठल्या. ताटात चिमूटभर भंडारा उरला होता, तो त्यांनी तळव्यावर घेतला.

"पावसाच्या आत टाकी होईल," त्या म्हणाल्या. "आणि म्हाताऱ्या आईंच्या कोकरांचं कंपनी बघेल. बिरोबाच्या साक्षीनं."

धुळानं बघितलं. त्यांचाही हात थरथरत होता. जन्मात पहिल्यांदा त्याला असं वाटलं, की आपल्याला काही फार मोठा रोग नाही.

टाकी झाली. वाडीची निम्मी माणसं रोज ती बघायला जायची आणि गवंड्याला सल्ले द्यायची. पाइपाचं तोंड सिमेंटनं बुजवलं, त्यावर धोंडुबाईनं भंडाऱ्याचं बोट ओढलं. अहवालात खरोखरच मोठा फोटो आला. सोफ्यावर पिवळीधमक माणसं, आणि खाली ओळ : 'स्थानिक परंपरेनुसार मान्यवरांचे स्वागत'. मंगलनं तो चुलीवरच्या भिंतीला चिकटवला.

पण वाडी म्हणाली, धुळाचं वाक्य अर्धंच राहिलंय. भंडारा हातात घेऊन अर्धं ठेवलेलं वाक्य चांगलं नव्हे.

"बगितल्याबिगार म्या बोलनार न्हाई," धुळा म्हणाला. इतकं ठाम तो आयुष्यात बोलला नव्हता. तेही भ्यानंच.

त्यामुळं पावसाची मोठी सर येऊन गेली, तेव्हा तो आणि विश्वजित एका छत्रीत कारखान्याच्या मागच्या भिंतीकडं निघाले. चिखल घोट्यापर्यंत होता. टाकी पलीकडं भरत असल्याचा आवाज येत होता.

"धुळा, तू हो पुढं," विश्वजित म्हणाला.

"तुमीच व्हा, सायेब. पाइप तुमचा."

"आता तो तुझा पण आहे."

शेवटी दोघं एकदमच पुढं झाले. बुजवलेल्या तोंडातून काही झिरपत नव्हतं. खाली ओढा आपल्या गढूळ पाण्यानं, पण आपल्याच पाण्यानं चालला होता. धुळानं सिमेंटवर हात फिरवला, हाताचा वास घेतला, ओढ्याकडं तोंड केलं आणि छाती भरून ओरडला :

"न्हाई!"

पलीकडच्या माळावरच्या कुत्र्यानं उत्तर दिलं. विश्वजितनं सुटकेचा श्वास सोडला.

"आजच्या दिसापुरतं," धुळानं पटकन पुढं जोडलं. "उद्याचं उद्या बगू."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर. मंगल जवळ नव्हती, म्हणून त्यानं तो विश्वजितच्या हातात दिला. विश्वजितनं नंबर बघितला, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि फोन परत धुळाच्या हातात दिला. मग वाजणारा फोन दोघांच्या मध्ये धरून ते छत्रीखाली उभे राहिले, तो आपण होऊन थांबेपर्यंत.